रिकाम्या पोटीचा चहा

"ही गोळी बहुतेक आयुष्यभर घ्यावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या, आणि मला चक्क हायसं वाटलं.

मुलुंडच्या त्या दवाखान्यात त्या मला हायपोथायरॉइडिझम समजावत होत्या. गळ्यात थायरॉइड नावाची छोटी ग्रंथी असते. ती मंदावली की सगळं शरीरच रेंगाळतं. टीएसएच म्हणजे त्या ग्रंथीला 'अगं, काम कर' असं सांगायला मेंदूजवळून निघणारा निरोप. ग्रंथी ऐकत नसली की निरोप वाढत जातो, आणि माझ्या रिपोर्टात तो भलताच वाढलेला होता. मला त्यातलं एवढंच कळलं की मी आळशी नाही, आजारी आहे.

कारण आळशी हा शब्द मी स्वतःलाच लावून ठेवला होता. सकाळी अंथरुणातून उठणं म्हणजे डोंगर चढणं. भर मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणारी नाहूरमधली मी एकटीच असेन. केस गळत होते, चेहरा सुजत होता. बालवाडीत शिकवते मी, पण माझ्याच वर्गातल्या मुलांची नावं जिभेवर यायची नाहीत. वजन वाढलं ते वेगळंच. शेजारची मैत्रीण म्हणाली, "मस्त मानवलंय गं तुला, काय खातेस काय?" खात होते अर्धी भाकरी आणि शिव्या. शिव्या स्वतःच्याच.

गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते मनापासून पाळलं. निदान मला तसं वाटत होतं.

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. आबा मूळ मालवणचे, गिरणीत काम केलेले. गिरणी बंद होऊन जमाना लोटला, पण पहिल्या पाळीला उठायची सवय गेली नाही. सासूबाई गेल्यावर ते जवळजवळ बोलायचेच बंद झाले. मुलाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशीही, कामापुरतं. मग एके दिवशी सकाळी उठून बघते तर आबांनी दोन कप चहा केलेला, आलं घालून, दूध जास्त. "घे गो," म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळचा पहिला चहा ते करायचे आणि तेवढ्या वेळात माझ्याशी चार गोष्टी बोलायचे. गावची विहीर, गिरणीतला आवाज, सासूबाईंची तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी. दिवसभरातलं त्यांचं बोलणं ते तेवढंच.

गोळी मी त्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायचे. पोट रिकामंच होतं की! आपल्याकडे चहाला खाणं कोण म्हणतं? संकष्टीला चालतो, एकादशीला चालतो, तर गोळीला का नाही चालणार?

पुढच्या तपासणीत टीएसएच जेमतेम हललेला. डोस वाढवला. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मी संध्याकाळी चालायला लागले, भात कमी केला, साखर सोडली. वजनाचा काटा ढिम्म. एकदा त्याच्यावर उभी राहूनच रडले. वाटलं, आता हे असंच राहणार.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. रिकाम्या पोटीच."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण हसल्या. "चहा आणि दूध गोळी नीट अंगी लागू देत नाहीत. नुसतं पाणी. नंतर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. आणि वजनाचा सगळा दोष थायरॉइडवर टाकू नका. गोळी लागू पडली तरी ते सावकाशच उतरेल."

घरी येताना वजन डोक्यात नव्हतं. आबा होते. हा चहा नको, असं त्यांना कसं सांगायचं? सासूबाईंनंतर त्यांनी कुणासाठी काही केलं असेल तर हाच चहा.

मी मधला मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी गोळी पाण्याबरोबर घेतली, आणि आबांची पाठ वळल्यावर कप मोरीत ओतला. त्यांनी पाहिलं. आपला कप उचलून गॅलरीत गेले.

त्यानंतरच्या सकाळी ओट्यावर चहा नव्हता. आबा गॅलरीत नुसते बसून होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं.

आबांनी नजर खाली रस्त्याकडे वळवली. म्हणाले, "म्हणजे तुजा औषद मीच फुकट घालवलंय."

"नाही हो आबा, मलाच कळलं नाही."

"माका वाटला, माज्या हातचो चाय तुका नको झालो."

मी नाही नाही अशी मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी उठले तर ओट्यावर पाण्याचा ग्लास, त्यावर झाकण, शेजारी गोळ्यांची बाटली. पातेल्यात पाणी, आलं ठेचून ठेवलेलं, पण गॅस बंद. आबा पेपर घेऊन बसलेले.

"तुम्ही तरी घ्या ना आबा, तुम्हाला उठल्याबरोबर लागतो."

"एकट्यान चाय पिऊक मी काय हॉटेलात बसलंय? तू घेशीत तेवा मी घेतंय."

पुढे टीएसएच उतरला, इतका की डॉक्टरांना डोस कमी करावा लागला. तुमच्यापैकी कुणाचा रिपोर्ट हलत नसेल तर स्वतःला शिव्या घालण्याआधी डॉक्टरांना सगळं सांगा, अगदी चहाचा घोटसुद्धा. मी पूर्वीसारखी झाले असं नाही. वजन थोडं उतरलंय, बाकीचं अजून आहे तिथेच आहे. दुपारी थकवा येतो, कधी चेहरा सुजतो. आता मी त्यावरून स्वतःशी भांडत नाही. दमले की बसते. मुलांची नावं मात्र आठवतात.

आणि सकाळी मी उठते. गोळी घेते, डबे भरते. आबा पेपरच्या आडून घड्याळाकडे बघत असतात. ऐंशीकडे झुकलेला माणूस, चहावाचून तळमळतो, पण गॅसला हात लावत नाही. शेवटी न राहवून हाक येते, "झालो काय गो टायम?"

"झाला, आबा," मी म्हणते, आणि ते गॅस पेटवायला उठतात.