चहा वस्तीवरच

आमची वस्ती पुणतांब्याच्या शिवारात, डांबरी सडकेपासून बरीच आत. मधला शिवरस्ता नकाशावर बैलगाडी जाईल एवढा रुंद. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या भावकीनं दरवर्षी नांगर थोडा थोडा आत सरकवत त्याची पायवाट करून टाकलेली. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत पाय रुतला की पाय वर यायचा, चप्पल तिथंच राहायची.

दहावीनंतर मला घरी बसवलं ते या चिखलानं. चांगली फर्स्ट क्लासमध्ये पास झाले होते. पण पोर रोज राहात्याहून उशिरा, एवढ्या चिखलातून एकटी कशी येणार, असं आमचे वडील, अण्णा, म्हणाले आणि विषय संपला. मला त्याचा राग आला होता. अजूनही येतो.

मग धाकटी बहीण दहावी झाली. तिला राहात्याला अकरावीला जायचं होतं. अण्णांनी पुन्हा तेच सुनावलं, "रस्ता झाला तर जाईल. न्हाईतर न्हाई."

रस्ता खुला करून मिळावा म्हणून आमचा अर्ज तहसीलमध्ये कधीचा पडून होता. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. आमचे सहा महिने काही केल्या संपत नव्हते. तसं बघायला कुणीतरी दरवर्षी यायचं. पण अण्णा पडले मानी. पाहुण्याला चिखलात कशाला आणायचं, म्हणून ते थर्मास, कप आणि बिस्किटं घेऊन सडकेवर हजर. साहेब मोटारसायकलवर बसूनच चहा घ्यायचे, तिथूनच मान उंचावून बघायचे, पंचनामा उरकायचे आणि जायचे.

त्या वर्षी आईही अण्णांबरोबर तहसीलला गेली. तिथं तिला उत्तर मिळालं, "पाहणीत तर तुमचा रस्ता चालू दिसतोय." घरी आल्या आल्या ती अण्णांपुढे उभी राहिली.

"चालू दिसंल न्हाई तर काय? आपुनच त्यान्ला सडकंवर चहा पाजतोय!"

पुढच्या पाहणीला तलाठी भाऊसाहेब आले तेव्हा आईनं थर्मास धान्याच्या कोठीत लपवून ठेवला होता. अण्णा घरभर तो शोधत होते. आई अनवाणी सडकेवर गेली, मी तिच्या मागोमाग.

"भाऊसाहेब, चहा वस्तीवर ठिवलाय. चला."

"इथंच आणला असता, मावशी."

"पाव्हण्याला रस्त्यावर चहा पाजत्यात व्हय? लई दिस चुकलो आमी."

आले बिचारे. अर्ध्या वाटेत त्यांचा बूट रुतला, तो दोन्ही हातांनी ओढून काढावा लागला. आई थांबून म्हणाली, "सावकाश. आमच्या पोरी ह्याच वाटंनं शाळंला गेल्यात." वस्तीवर त्यांनी पाय धुतले, दोन कप चहा घेतला आणि आमच्या ओट्यावर बसून पंचनामा लिहिला. माझी आई सही करायला अजून अडखळते. पण त्या दिवशी तिच्याइतकं हुशार माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हतं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

लगेच काही रस्ता झाला नाही. भावकीनं हरकत घेतली, तारखांवर तारखा पडल्या. पण आईनं धाकटीचा प्रवेश घ्यायलाच लावला. "तवर मी सोडीन पोरीला सडकंपोतर," म्हणाली, आणि तो सगळा पावसाळा तिनं सोडलं. निकाल आमच्या बाजूनं लागला, जेसीबी आला, मुरूम पडला, तेव्हा धाकटी बारावीत होती.

लग्नानंतर मी शहरात, सावेडीत राहते. धाकटी आज दुसऱ्या तालुक्यात तलाठी आहे. मागच्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिला पाहणीसाठी एका शेतकऱ्याचा फोन आला. तो सांगत होता, मॅडम, चिखल लई हाय, तुमी सडकंवरच थांबा, चहा घिऊन येतो.

"नको काका," ती म्हणाली, "चहा घरी येऊनच घेते." आणि स्कूटरच्या डिकीतून तिनं गमबूट काढले.

मला राहवेना. मी लगेच आईला फोन लावून सगळं सांगितलं.

"मंग?" ती म्हणाली. "शिकवली कशाला तिला?"