चोरीला गेलेल्या गाडीची चावी

पोलीस प्रशिक्षणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी खोटे तक्रारदार जमवायचं काम माझ्याकडे होतं. यादीतले चार नंबरचे काका बिडकीनहून यायचे. भूमिका: क्रांती चौकातून मोटारसायकल चोरीला गेलेला माणूस. दिवसभर तीच तक्रार ते पंधरा प्रशिक्षणार्थींना सांगत आणि दर वेळी नव्यानं घाबरत. हातात मात्र एक चावी फिरवत राहत. ती माझ्या सामानाच्या यादीत नव्हती.

एकदा त्यांच्यासमोर दोनदा नापास झालेली मुलगी आली. ही तिची शेवटची संधी. मान खाली घालून ती फॉर्म भरत होती. काकांनी नाव-गाव सांगितलं आणि गप्प बसले. घड्याळ माझ्याकडे होतं. तीन मिनिटं उरली, तरी हे आपले चावी फिरवतायत! मला रागच आला.

शेवटी तिनं पेन ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. "काका, आधी पाणी घ्या. चावी तुमच्याकडंच हाय, म्हंजी गाडी लॉक करून गेलता ना?"

"व्हय बाई! टपरीपाशी लावली, अन्‌..." काका घडाघडा बोलायला लागले. मुलगी पास झाली.

"चावी आणायला कुणी सांगितलं होतं?" मी नंतर विचारलं.

"मॅडम, गाडी गेल्यावर माणसापाशी तेवढीच तर उरती."

मी लगेच चावी यादीत लिहिली. मान वर केली तोवर काका त्याच चावीनं, सकाळपासून पंधरा वेळा चोरीला गेलेली गाडी सुरू करून बिडकीनला निघालेसुद्धा होते.