थाकांची गुमसुन हवा मोजते

सिह्वा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कुणालाही विचारा, मानबोक थाक मुकादमाला बहिणी किती? तो म्हणेल, एकच, पण दहांना भारी. न विचारताही म्हणेल. वीस वर्षं तो हे सांगतोय. लोकांना कंटाळा आला, त्याला नाही आला.

"माझी गुमसुन हवा मोजते."

"हवा? म्हणजे किलोवर देते का?" जेवणाच्या टेबलावर कुणीतरी हटकून खोडी काढतंच.

"हसा, हसा. तुझ्या कमरेला ती पंप बांधेल ना, मग कळेल. एवढासा पंप, त्याची नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत. तिथं पेन्सिलीएवढी काचेची नळी, आत नारळाच्या करवंटीचा कोळसा. दिवसभर तू नाकानं जे ओढतोस तेच तो कोळसा ओढतो. संध्याकाळी नळी बर्फाच्या पेटीत, पेटी प्रयोगशाळेत. तिथलं यंत्र सांगतं, तुझ्या पोटात काय काय गेलं. डॉक्टर माणूस पडल्यावर येतो, माझी बहीण आधी येते!"

हे सगळं त्याला पाठ आहे, आणि त्यातला एक शब्दही खोटा नाही. फक्त हवा मोजायच्या परवान्याची परीक्षा गुमसुन पहिल्या झटक्यात पास झाली असं तो सांगतो, ती झाली तिसऱ्या वेळेला. मानबोकचं म्हणणं, दोनदा पेपर तपासणारे नापास झाले.

बाप लवकर गेला. मानबोक पंधराव्या वर्षी शाळा सोडून गाव सोडून इथं आला आणि पितळी नळ कापायच्या यंत्रावर उभा राहिला. गॅसच्या शेगडीला लागतात ते नळ. धाकटीला मात्र त्यानं यंत्राजवळ फिरकू दिलं नाही. "एका घरातल्या एकाच माणसाचे हात तेलकट झाले, बास," असं म्हणून त्यानं तिला रसायनाच्या कॉलेजात घातलं. ती काय शिकते हे त्याला कळत नव्हतं. ते अवघड आहे एवढं कळत होतं, आणि तेवढ्यावर त्याची छाती फुगायची.

गुमसुन भावासारखी नाही. बोलते कमी. कामाच्या दिवशी अंगाला वासाचा साबण लावत नाही, केसाला काही लावत नाही. पंप सकाळी लावायच्या आधी तपासते आणि संध्याकाळी काढल्यावर परत तपासते. साबणाचा बुडबुडा खुणा केलेल्या लांब काचेच्या नळीत चढवायचा आणि तो खुणेपासून खुणेपर्यंत किती सेकंदात जातो ते घड्याळावर बघायचं, म्हणजे पंप नेमकी किती हवा ओढतो ते कळतं. एकदा नाही, तीनदा. ऑफिसातली नवी पोरं म्हणतात, ताई, आता त्याला मशीन आलंय. ती म्हणते, मशीन आलंय ना, मग माझा बुडबुडा आणि तुमचं मशीन, दोन्ही बघू.

तर चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला मानबोकच्या घरी सगळे जेवायला बसले होते. मानबोक कारखान्यातल्या पार्टीचा किस्सा रंगवून सांगत होता. धुलाईखान्यातल्या बुल्ले मावशीचा. कापलेल्या नळांवरचं तेल काढायला ते जाळीच्या टोपलीत भरून गोड वासाच्या द्रावात बुडवतात, ते काम मावशीचं.

"एक पेला! नुसता एक पेला सोजू, आणि मावशीचं तोंड असं लाल, जागोजागी चट्टे! वानर बरं! सगळे म्हणाले, मावशी, वास घेऊनच चढली का?"

सगळे हसले. गुमसुननं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"दादा, मावशी पहिल्यापासून अशी लाल व्हायची?"

"छे! पूर्वी बाटली रिचवायची, आणि वर आम्हाला घरी पोचवायची. आता वय झालं. मध्येच चक्कर येते तिला. परवा टाकीवर वाकली होती, मी धरली म्हणून. साहेब म्हणतात, वर्षभरात घरी बसवू."

"त्या टाकीवर आणखी कोण असतं?"

"एक जाड बाई. ती पण लाल होते. का गं?"

गुमसुननं भाताचा घास घेतला नाही. "ते वय नाही दादा. त्या द्रावाची वाफ अंगात असली आणि वरून दारू गेली, की असे चट्टे उठतात. जुन्या धुलाईवाल्यांना सगळ्यांना माहीत असायचं."

मानबोकचं हसू तिथंच राहिलं. पण लगेच म्हणाला, "आमच्याकडे दर सहा महिन्यांनी मोजणी होते हां. तुमच्याच ऑफिसची माणसं येतात. सहा वर्षं एकदाही वाईट आलं नाही. भिंतीवर कागद लावलेत."

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात ते कागद काढले. खरंच सगळे स्वच्छ. इतके स्वच्छ की तिला शंका आली. ती वरिष्ठांकडे गेली, म्हणाली, तिथं माझा भाऊ मुकादम आहे, चालत असेल तर या वेळी मी जाते. वरिष्ठ म्हणाले, भाऊ मालक नाही ना? मग जा, अहवालावर सही माझी.

बातमी मानबोकला कळली आणि तो आठवडाभर जमिनीवर नव्हता. माझी बहीण येतेय, माझ्या कारखान्यात! डिसेंबरातली थंडी, पण त्या दिवशी तो पहाटे पाच वाजता हजर. फरशी दोनदा धुतली. खिडक्या, मागचा मोठा दरवाजा, सगळं उघडं टाकलं. चार पंखे आणून लावले. धुलाईच्या दोन टाक्यांपैकी एकीवर झाकण घालून ती बंद केली. दुसरीत टोपल्या निम्म्या. बुल्ले मावशीला नवा एप्रन घातला आणि दाराजवळ खुर्चीवर बसवली. "आज तुम्ही नुसतं हसायचं, मावशी."

गुमसुन पेटी घेऊन आत आली. लोखंडी टोकाचे बूट, डोक्यावर पांढरी टोपी. मानबोकनं सगळ्या कामगारांसमोर हात पसरले.

"ये! बघ! श्वास घे! डोंगरावर आल्यासारखं वाटतं की नाही?"

तिनं श्वास घेतला. मग टाकीच्या झाकणाला हात लावला. कोरडं होतं.

"दादा, रोज किती टोपल्या धुता?"

"रोज? चाळीस. बेचाळीस."

"आज?"

"आज तू आलीस ना! आज दहा. पाहुण्याला कुणी मोरीत नेतं का?"

कामगारांत खसखस पिकली. गुमसुन हसली नाही.

"आधीच्या मोजणीलाही हेच करायचास?"

"प्रत्येक वेळी! मीच तर करतो सगळं. साहेबांनी सांगायची गरज नाही. माणसं येणार म्हणून..." बोलता बोलता तो थांबला. तिच्या तोंडाकडे बघितलं.

गुमसुननं पेटीची उघडलेली कडी परत लावली.

"मी आज मोजणार नाही."

"काय?"

"काम रोजच्यासारखं चालू असेल तेव्हाच मोजायचं, हा नियम आहे. आज इथं मोजलं तर डोंगराची हवा येईल. मावशी डोंगरावर काम करत नाहीत."

तेवढ्यात गुक साहेब आले, कारखान्याचे मुख्य. हातात कागदी पेल्यातली कॉफी. प्रकार ऐकून तोंड वाकडं झालं.

"बाई, तुम्हाला बोलावलंय मोजायला. स्वच्छ आहे ते मोजा. स्वच्छता गुन्हा आहे का?"

"नाही साहेब. रोज अशीच ठेवा, मी उद्या येऊन मोजते. पण टोपल्या चाळीस पाहिजेत, आणि दोन्ही टाक्या."

"दुसऱ्या ऑफिसला बोलावतो मी. तुमच्या ऑफिसचं गिऱ्हाईक गेलं समजा."

"बोलवा. पण मी आले होते आणि मोजणी का झाली नाही, हे मी लिहून ठेवणार. तारीख, वेळ, टोपल्या, उघडा दरवाजा. सगळं."

साहेब मुकादमाकडे वळले. "थाक, समजाव हिला. बहीण ना तुझी?"

सगळा कारखाना मानबोककडे बघत होता. वीस वर्षांची बढाई अशी चव्हाट्यावर आली होती, आणि बहिणीनंच आणली होती. कान तापले त्याचे. पण त्याची नजर दाराजवळच्या खुर्चीवर गेली. बुल्ले मावशी नव्या एप्रनमध्ये, सांगितल्याप्रमाणे हसत बसली होती. सहा वर्षं, वर्षातून दोनदा, त्यानं ही खुर्ची मांडली होती. सहा वर्षांचे स्वच्छ कागद साहेबांनी नाही केले. त्याच्याच हातांनी झाले.

"साहेब," तो म्हणाला, "तिला समजवायला मला कॉलेजात जावं लागेल. ती उद्या येईल. मी टाक्या चालू ठेवतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उद्या नळ तुम्ही कापा."

गुक साहेबांची कॉफी हातातच थंड झाली. नळ कापायच्या अकरा यंत्रांना कुठे काय दुखतं हे त्या कारखान्यात एकट्या मानबोकला ठाऊक होतं, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दरवाजे बंद. थंडीत रोज असतात तसेच. दोन्ही टाक्या उघड्या. जाड बाई साहेबांना घाबरून रजेवर गेली, तर मानबोक म्हणाला, तिच्या जागी मी. गुमसुननं गाडीतून दोन चांगले मास्क आणले, गाळणीच्या डब्यावाले.

"हे लावून काम करा. नाकाला मास्क, कोळशाला नाही. काच कॉलरवर उघडीच राहील."

बुल्ले मावशी पंप बघून म्हणाली, "बाई गं, हे गुरगुरतंय. मांजर बांधलंय का?"

"हो मावशी, आणि ते दूध नाही पीत, वाफ पितं. दिवसभर काढायचं नाही."

"संडासला?"

"तिथंही."

"घ्या! मुकादम, ऐकलंत? तुमची बहीण आपल्याला संडासात पण मोजणार!"

मानबोकनं चाळीस टोपल्या केल्या. त्या कामाची त्याला सवय नव्हती, कंबर मोडली. दुपारी एकदा ओरडायला म्हणून मास्क खाली केला आणि दोन-तीन टोपल्यांतच कपाळावर कुणी ओलं फडकं दाबल्यासारखं झालं. मावशी त्याच्याकडे बघत होती. "रोज तीनच्या सुमाराला असंच होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी आळशी झाले."

संध्याकाळी गुमसुननं पंप काढले, नळ्यांना दोन्हीकडून टोपणं लावली. एक नळी नुसतीच फोडून, हवा न ओढता बंद केली होती. तिच्यात काही निघालं तर सगळंच रद्द, असं ती म्हणाली. मग तिथंच, तेलकट फरशीवर गुडघे टेकून, बुडबुडा चढवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. कारखान्यातली तीस माणसं घरी जायची सोडून तो बुडबुडा वर जाताना बघत उभी होती. मानबोकला वाटलं, आता सगळ्यांना सांगावं. पण सांगायचं काही उरलंच नव्हतं, ते बघतच होते.

अकराव्या दिवशी तिचा फोन आला. आधी ऑफिसचा कागद साहेबांकडे गेला होता, मग भावाला फोन. तिचा नियम.

"मर्यादेच्या तिप्पट, दादा. मावशीचा जास्त, तुझा थोडा कमी. कोरी नळी कोरीच निघाली."

"म्हणजे नापास झालो?"

"सपशेल."

आयुष्यात पहिल्यांदा नापास ऐकून मानबोकला आनंद झाला. तो तडक धुलाईखान्यात गेला. मावशीला आकडा कळला नसता, म्हणून त्यानं तीन बोटं दाखवली. "चालतं त्याच्या तीन पट, मावशी. कागदावर आहे. शिक्क्यासकट."

मावशीनं हातमोजे काढले. मग स्वतःची तीन बोटं उभी करून बघितली.

"म्हणजे म्हातारपण नव्हतं ते?"

"नव्हतं."

"आळसही नव्हता?"

"नव्हता मावशी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच ती रागावली. "मग सहा वर्षं मला खुर्चीवर का बसवलंत, मेल्यांनो?"

मानबोकनं मान खाली घातली. "मी बसवलं. मला कळलं नाही. आता माफ करा."

महिन्याभरात दोन्ही टाक्यांवर वाफ ओढून घेणारे मोठी पत्र्याची नाकं बसली आणि मावशीची बदली जोडणीखात्यात झाली. पुढच्या सहामाहीला गुक साहेबांनी खरंच दुसऱ्या ऑफिसला बोलावलं. गुमसुनला वाईट वाटलं असेल. मानबोकनं त्या नव्या माणसांना दारातच गाठलं. टोपल्या बेचाळीस आहेत, दोन्ही टाक्या चालू आहेत, असं सांगितलं आणि वर दटावलं, "बुडबुडा तीनदा घ्या हां. इथं मोजायची पद्धत थाकांच्या गुमसुनची आहे."