किबिरिगेचा जबडा आणि नालुमांसीचे फणस

नालुमांसीचे तळहात काळे आहेत. फणसाचा चीक असा मुरलाय की घासलेटनेही निघत नाही. कायुंगा गावाला जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या पाटीपुढे थांबलेला एक ट्रकवाला म्हणाला, "आजी, हात धुऊन फोड." ती म्हणाली, "हात धुतलेत. तू डोळे धू." आणि कोयता असा हाणला की फणसाची दोन शकलं त्याच्या बुटांच्या दोन्ही बाजूंना पडली. तो गरे घेऊन गेला.

मी तिच्या शेजारी राहते. हे लिहितेय कारण तिच्या आणि तिच्या दिराच्या मारामारीबद्दल गावात काहीही सांगतात. कोणी म्हणतं ती चेटकीण आहे, कोणी म्हणतं विधवा माजली. दोन्ही खोटं. ऐका.

आमच्याकडे कुळाने कसलेल्या जमिनीचा कागद नसतो. तुम्ही लावलेली झाडं आणि तुमच्या माणसांची थडगी, एवढाच पुरावा. नालुमांसीकडे चार फणस होते, लग्नाच्या वर्षी नवऱ्याने लावलेले. तिसऱ्याखाली तो स्वतः पुरलेला. झाडं गेली की राहतं एक थडगं, आणि थडग्याभोवतीची जागा कुणीही आपली म्हणतो.

त्या जागेवर तिच्या धाकट्या दिराचा, किबिरिगेचा डोळा. एक कंपनी काळ्या खरखरीत सालीच्या, बोटीने परदेशी जाणाऱ्या अव्होकॅडोची रोपं वाटत होती. रोपं मिळवायला किबिरिगेला सलग जमीन दाखवायची होती, आणि मध्ये वहिनीचे चार फणस.

कंपनीचा माणूस तक्ता घेऊन शाळेच्या मैदानात बोलायला आला. खोटं काही बोलला नाही, म्हणून तर माझं डोकं फिरलं. म्हणाला, "शंभर ग्रॅम अव्होकॅडोत पंधरा ग्रॅम चरबी, तीही हृदयाला चांगली. सात ग्रॅम चोथा. पिकल्या गऱ्यात चरबी नावाला, चोथा दीड ग्रॅम, आणि साखर वीसच्या आसपास. तुमची मुलं हाडकुळी का, ते बघा."

किबिरिगे लगेच उठला. "म्हणजे झाडाला लागलेली मिठाई! गावाने मिठाईवर जगायचं?"

मी उभी राहिले. "क जीवनसत्त्व गऱ्यात थोडं जास्तच. पोटॅशियम दोन्हीत सारखंच म्हणा. आणि आठळी कुठे गेली तुमच्या तक्त्यातून? तिच्यात पिठूळपणा आहे, अव्होकॅडोपेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं आहेत. आमच्या परसातला गुळगुळीत हिरवा अव्होकॅडो आम्ही भाताबरोबर रोज खातो, त्याच्याशी भांडण नाही. तुमचा काळा अव्होकॅडो आमच्या पोटात जाणार का, तेवढं बोला."

कंपनीवाला घड्याळ बघायला लागला.

मागून नालुमांसीचा आवाज आला. "भाऊजी, तुमच्या आईने तुम्हाला काय चारून वाढवलं?"

"फणस," किबिरिगे म्हणाला आणि जीभ चावली.

"तरीच डोक्यात चीक भरलाय."

अख्खं मैदान हसलं. किबिरिगे हसला नाही. तेव्हाच मी तिला म्हटलं, "तू त्याला चारचौघांत उघडं पाडलंस. आता तो येणार."

"येऊ दे. कोयता रोज परजते मी."

एका भर दुपारी, ती पाटीवर असताना, तो चार माणसं आणि मशीनची करवत घेऊन आला. पहिलं झाड फळांनी लगडलेलं होतं. फळं उतरवायचं भान कुणाला नव्हतं. झाड कललं तसा एक फणस सुटून करवतवाल्याच्या पायावर पडला. पावलाचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या परसात ऐकला. मग झाड आडवं झालं, फणस फुटले, आणि बुंध्यातून पांढरा चीक वाहायला लागला.

नालुमांसी रस्त्यावरून धावत आली. अंगावर पाटीवर बसताना गुंडाळायचं मळकट फडकं, हातात कोयता. पहिल्याच्या दंडावर तिने असा वार केला की मांस उघडं पडलं. दुसऱ्याने करवत तिच्यावर उगारली, पण ती चिकाने अडकून बंद पडली होती. तिने त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. तो लंगडत, मोडक्या पायवाल्याला ओढत पळाला, दंडवाला आणि चौथा त्यांच्याही पुढे.

किबिरिगेने मागून तिचे केस धरले. "झाडाची बायको हो आता!" म्हणत तिचं तोंड ताज्या कापलेल्या बुंध्यावर आपटलं. एकदा नाही. मी कुंपण ओलांडेपर्यंत आपटतच होता. तिचं नाक फुटलं, डोळे चिकाने मिटले. आंधळीच उठली ती. ओरडणाऱ्या तोंडाच्या दिशेने तिने कोयता फिरवला. पातं बोथट बाजूने बसलं. धारेने बसलं असतं तर मान राहिली नसती. किबिरिगेचा जबडा दोन ठिकाणी मोडला, समोरचे दात गवतात पडले.

तिच्या तोंडावरचा चीक मी तेल लावून सोडवला. एक भुवई त्याबरोबर गेली ती पुन्हा उगवली नाही.

पोलीस आले असते तर दोघंही आत गेली असती. म्हणून घराण्यातली जाणती माणसं न्याय करायला बसली. किबिरिगेचा जबडा इस्पितळात तारेने आवळून झाला होता. त्याची बायको केव्हाच कंपालाला निघून गेलेली, मुलगे तिच्याकडे. त्यांतला सगळ्यांत वडील, म्हातारा सेबुन्या म्हणाला, "सूनबाई, तोंड तू मोडलंस, तोंड उघडेपर्यंत तूच भरव. तो उठून उभा राहिला तर उरलेली झाडं तुझी, आम्ही सगळे साक्षीदार. तो मेला तर तू खुनी. जमीन त्याच्या मुलांची."

"बाबा, विष घालू नको एवढंच सांगायचं राहिलं," ती म्हणाली.

"तू घालणार नाहीस ते तुझ्या तोंडावर लिहिलंय, म्हणून नाही सांगितलं."

आमच्याकडे बाई पुरुषापुढे अन्न ठेवते ते गुडघे टेकून. नालुमांसीनेही टेकले. एक जमिनीवर, एक त्याच्या छातीवर. तिनेच पाडलेल्या दातांच्या फटीत नळी खुपसायची आणि ओतायचं. तो नाकाने फुरफुरायचा, हात उगारायचा. ती मनगट पिरगळून म्हणायची, "गिळा, भाऊजी. माझी झाडं तुमच्या पोटात आहेत."

पण ओतायची काय? फणसाचा रस. हट्टाने फक्त फणसाचा. "सासरी गेलेल्या माझ्या पोरी यावर वाढल्या. हा मिठाई म्हणाला ना? पिऊ दे मिठाई." रस पोटात गेला की त्याला तरतरी यायची. थोड्या वेळाने घाम फुटायचा, हातपाय कापायचे. जुलाब लागले. बरगड्या दिसायला लागल्या, हिरडीतली जखम भरेना. एका दुपारी तो इतका गार पडला की तिने त्याच्या कानशिलात वाजवली, जिवंत आहे का बघायला. त्याने डोळे उघडले.

मला बोलावलं तिने. मी चिडले. "तुझ्या पोरी नुसत्या रसावर नाही वाढल्या, बाई. सोबत शेंगदाणे होते, घेवडा होता, आठळ्या होत्या. नुसता रस म्हणजे साखर आणि पाणी. काटक्यांचा जाळ, भसकन पेटतो आणि विझतो. याला लाकडाचा ओंडका हवा. चरबी हवी. त्या कंपनीवाल्याचा तक्ता इथे खरा आहे. अव्होकॅडो घाल."

"त्याचं फळ? माझ्या हाताने?"

"मग मरू दे, आणि जा तुरुंगात."

तिने मला दिलेली शिवी इथे लिहीत नाही. मग कोयता उचलला आणि किबिरिगेच्याच परसात गेली. तिथे त्याच्या आईने लावलेला जुना हिरवा अव्होकॅडो होता. फांदीवर असे घाव घातले की झाड शहारलं.

त्या दिवसापासून दुधात घोटलेला अव्होकॅडो. पण त्याने चरबी येते, मांस भरत नाही, म्हणून त्यात उकडलेल्या आठळ्यांचं पीठ, फडक्यातून गाळून, आणि शेंगदाण्याचं पातळ वाटण. वर चव यावी म्हणून थोडा फणसाचा रस. किबिरिगेचं अंग गरम राहायला लागलं. जुलाब थांबले. हिरडी भरली. हातात जोर आला तसा त्याने पहिली गोष्ट केली ती तिच्या पोटात गुद्दा. ती वाकली, खोकली आणि नळी पुन्हा आत घातली. बाहेर येऊन मला म्हणाली, "गुद्दा चांगला होता. माणूस जगतोय."

तार निघाली. जाणती माणसं फणसाखाली बसली. सेबुन्याने पिकलेला गरा किबिरिगेपुढे धरला. "उभा राहून चावून गीळ. मिटलं म्हण."

किबिरिगे उभा राहिला. चावलं. जबडा कुरकुरला, पण चालला. गिळून म्हणाला, "मिटलं." आणि आठळी थुंकला, नेम धरून, नालुमांसीच्या तोंडावर. भुवई नव्हती तिथेच लागली.

तिचा हात कोयत्याच्या मुठीवर गेला. सगळे मागे सरकले. मी तिचं मनगट धरलं नाही, धरून ठेवता आलं नसतं. तिने उरलेल्या तीन झाडांकडे पाहिलं. मग वाकली, गवतातून आठळी शोधली, फडक्याला पुसली आणि कनवटीला खोचली.

"ही मी उकडून खाणार, भाऊजी. तुम्हाला आता मिळायची नाही."