आसवांइतकं खारट पाणी

पासष्टच्या लढाईत खमरियाला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरांसमोर खंदक खणले होते. भोंगा वाजला की त्यात उतरायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. पण सप्टेंबरातल्या पावसानं ते काठोकाठ भरले आणि आम्ही पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडायला लागलो. मी दहा वर्षांची होते, धाकटा भाऊ तीन वर्षांचा. त्याच्यावर लक्ष ठेवणं माझं काम. एका दुपारी माझी होडी पलीकडे अडकली म्हणून मी काठानं पळत गेले. वळून पाहिलं तर तो ओंजळीनं ते चहाच्या रंगाचं पाणी पीत होता. मी फ्रॉकनं त्याचं तोंड पुसलं आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पहाटे त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. बाबा फॅक्टरीत रात्रपाळीला होते. लढाई चालू असल्यामुळे सुट्ट्या बंद होत्या. उजाडल्यावर आई त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, "पानी पिलाते रहिए. शाम तक पेशाब नहीं हुआ तो भरती कीजिए."

घरी आल्यावर आईनं नेमकं पाणीच बंद केलं. घोट पोटात गेला की तो ओकायचा, आणि तिच्या माहेरी अशा वेळी लेकराला कोरडंच ठेवत. तो "पानी, पानी" करत राहिला. मग तेही म्हणेना.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक नर्स राहायच्या. केरळच्या, ख्रिश्चन, एकट्या. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणायची. त्याही रात्रपाळी करून नुकत्याच परतल्या होत्या. आईचं रडणं ऐकून तशाच पांढऱ्या साडीत आमच्याकडे आल्या. त्यांनी भावाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. सुरकुती तशीच उभी राहिली, इतकं अंगातलं पाणी आटलं होतं.

"पानी बंद कर दिया क्या? क्यों?"

"पाजलं का ओकते न, सिस्टर. पोटात राहूनच नाही राहिलं."

"चम्मच से दीजिए. उलटी करे तो थोड़ा रुककर फिर दीजिए."

आई नाही-नाही अशी मान हलवत राहिली. तेवढ्यात बाबा आले. ते बॉयलर हाउसमध्ये होते. दिवसरात्र बॉयलरच्या काचेच्या नळीतली पाण्याची पातळी पाहायची, हे त्यांचं काम. त्यांनी सिस्टरचं ऐकून घेतलं, भावाच्या कोरड्या ओठांवरून बोट फिरवलं आणि आईला म्हणाले, "बॉयलरातलं पाणी वाफ होऊन जातच राहते. म्हणून आम्ही पाणी देणं बंद करतो का वं? जेवढं गेलं तेवढं भरतो. हळूहळू भरतो. दे त्याले पाणी."

आईनं चमचा उचलला.

सिस्टरनी उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि किंचित मीठ घातलं. थेंब जिभेवर घेऊन आईलाही चाखायला दिला. "आँसू से ज़्यादा नमकीन नहीं होना चाहिए." आईच्या गालावर तेव्हा आसवं होतीच. तिनं चव घेतली आणि म्हणाली, "बराबर आहे."

पण उकळलेलं पाणी तांब्याभरच होतं. कोळसा ओला, शेगडी नुसती धुपत होती आणि रॉकेल संपलेलं. बाबांनी मला समोरच्या बंगाली काकूंकडे पिटाळलं. काकूंनी चुलीवरचा भात उतरवून पाण्याचं पातेलं चढवलं आणि मागच्या दारातून आणखी दोघींना हाक मारली. तासाभरात आमच्या ओट्यावर फडक्यानं झाकलेली किटली आली, पितळी गंज भरून आला, एका पंजाबी मावशींनी तर दुधाचा कॅन घासून त्यात पाणी आणलं. मग दिवसभर कुणी ना कुणी येतच राहिलं. दारातूनच विचारायच्या, "कैसा है?" आणि भांडं ठेवून जायच्या.

बाबा आणि सिस्टर आळीपाळीनं चमचा धरत होते. दोघंही रात्रभर जागलेले. मला ते बघवेना. सिस्टर हात धुवायला मोरीशी गेल्या तेव्हा मी त्यांच्या मागे गेले आणि खंदकाचं सांगून टाकलं. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"माँ को बताना. आज नहीं, जब वो ठीक हो जाए. अभी ये कटोरी पकड़ो." वाटी धरायला त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं.

दुपार कलली. ओकणं थांबलं. आईनं दवाखान्यात न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. पाचच्या सुमारास ती भावाला मांडीवर घेऊन बसली असताना एकदम ओरडली, "अहो, भिजली! माझी साडी भिजली!" आणि हसता हसता रडायला लागली. सिस्टर भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. बाबांनी डबासुद्धा न घेता ड्यूटीची बस गाठली.

खंदकाचं मी आईला आठवड्यानं सांगितलं. तिनं मला मारलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं आणि बंगाली काकूंनी बांबू आणून आमच्यासमोरच्या खंदकाला कुंपण घातलं.

लढाई थांबल्यावर आई सिस्टरना आग्रह करून ग्वारीघाटाला घेऊन गेली. नर्मदेत दिवा सोडून झाल्यावर तिनं त्यांच्यासमोर नारळ, तांदूळ आणि खण धरला. सिस्टर गोंधळल्या. "मेरी तो शादी भी नहीं हुई. और मैं..."

"पदर धरा, सिस्टर," आई म्हणाली.

कसा धरायचा ते त्यांना माहीत नव्हतं. आईनंच पदराची टोकं त्यांच्या दोन्ही हातांत दिली आणि वाकून ओटी भरली. बाबा नदीकडे तोंड करून उभे होते, पण खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं. मग सिस्टरनी पदर एका हातात गोळा केला, दुसऱ्या हातानं भावाला उचलून कडेवर घेतलं आणि आम्ही सगळे घाटाच्या पायऱ्या चढायला लागलो.