दुर्गाच्या बाजूची काच

बायको दुर्गा गेली आणि दिगंबर पेडणेकरांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाइकाला काळ्या काचा नको होत्या. म्हणून चिंचपोकळीच्या चाळीखाली ते तिच्याच हेअर ड्रायरने काचांवरची जुनी काळी फिल्म तापवून ब्लेडने सोलत बसले. केमोत तिचे केस गेले, तेव्हापासून ड्रायर पडूनच होता. फिल्मही तेव्हाचीच. तिचं बोडकं डोकं चाळीला दिसू नये म्हणून त्यांनीच लावून घेतलेली, तिला न विचारता.

ती बसायची तिथल्या काचेवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, फिल्म नखाने खरवडून रुपयाएवढं भोक पाडलेलं होतं.

"बाहेरचं बघायला पाडलं असेल बिचारीने," ते पुटपुटले आणि स्वतःवरच खेकसले, "गाढवा, आतून तर सगळं दिसतच होतं!"

बाहेरून दिसत नव्हती, ती दुर्गा.