चाळीस नाचले तरी एक

आमच्या स्टुडिओत गाण्यांपेक्षा किस्से जास्त जमतात. गाणं रेकॉर्ड करायचं असतं तेव्हा लाइट जाते. मग गायक, ढोलकीवाला, डीजे, सगळे बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसतात आणि एकेक काढायला लागतात. डहाणूतली लाइट बघता माझ्याकडे साठा किती असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. त्यातले बरेच मी विसरलो. डिसेंबरचे मात्र विसरता येत नाहीत, कारण डिसेंबरात आमच्याकडे ‘वर्षाची टॉप वीस’ निघते आणि ती काढायला कॉम्प्युटरसमोर मला बसवतात.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. स्टुडिओ प्रवीणभाईंचा, केबल चॅनेलही त्यांचंच. डहाणू-तलासरीत वर्षभर हळदीची, लग्नाची, देवीची जी गाणी निघतात, त्यांची ही क्रमवारी. बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण आमच्याकडे यादी लागली की जानेवारीपासूनच्या लग्नांच्या सुपाऱ्या तिच्यावरून ठरतात. नवऱ्या मुलाचा मामा फोन करतो आणि ‘वीसातला कोण मोकळा आहे?’ एवढंच विचारतो. एकविसावा कोण, हे फक्त त्याच्या आईला ठाऊक असतं.

*

पहिल्या वर्षी यादी प्रवीणभाईंनी स्वतः काढली. सोफ्यावर बसले आणि बोटाने सांगत गेले. हे एक नंबर, हे दोन नंबर. एक नंबरला त्यांच्या साडूचं गाणं आलं. साडू गातो, हे गावाला त्या दिवशी कळलं!

वरोरच्या एका गायकाचा नंबर हुकला होता. तो भांडला नाही. शनिवारी संध्याकाळी ओल्या बोंबलांची टोपली भेट म्हणून ऑफिसात ठेवून गेला, ती नेमकी कपाटामागे. सोमवारी कुलूप उघडलं आणि प्रवीणभाई दारातूनच मागे फिरले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, “आता आपल्याला सिस्टम पायजे.”

*

सिस्टम आली. दर आठवड्याला इंटरनेटवरच्या साइटवर कुठलं गाणं किती वेळा वाजलं ते बघायचं. आठवड्यात पहिल्या आलेल्याला वीस गुण, दुसऱ्याला एकोणीस, असं करत विसाव्याला एक. सगळ्या आठवड्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे वर्षाचा नंबर. ऐकायला चोख वाटतं.

त्या वर्षी तीन नंबरला एक आरती आली. गाणारे निवृत्त तलाठी. ही आरती आपण ऐकलीय असं कोणाला आठवेना. मग उलगडा झाला. डहाणूच्या बाजारात दुकानदार सकाळी शटर वर करतात, मोबाईलवर ही आरती लावतात आणि झाडू मारायला घेतात. ऐकत कोणीच नाही, पण वाजते रोज. ती कधीच पहिल्या पाचात नव्हती, पण एकही आठवडा चुकली नव्हती. ज्या गाण्यावर अख्खा लग्नाचा सीझन पोरं नाचली ते दोन महिने वीस-वीस गुण घेऊन थंड पडलं आणि शेवटी अकरावं आलं. म्हणजे वर्षभर कोणाच्याही लक्षात न येता वाजत राहणं, हाच पुढे जायचा मार्ग. नोकरीसारखंच.

यादीवर विश्वास ठेवून चिंचणीच्या एका मामाने तलाठीसाहेबांना हळदीला बोलावलं. साहेब कोट घालून गेले आणि मन लावून गायले. हळद लागलेला नवरा, करवल्या, बँडवाले, सगळे हात जोडून उभे राहिले. नाचणार कोण? शेवटी नवऱ्याच्या आजीने ताट फिरवून प्रसाद वाटला!

*

एक छोटासा. यादी डिसेंबरात लावायची, म्हणून आमचं वर्ष नोव्हेंबरअखेर संपतं. एका गायकाने ऑक्टोबरात गाणं काढलं. गाणं चाललं, पण निम्मे गुण जुन्या वर्षात गेले आणि निम्मे नव्या वर्षात. दोन्ही वर्षी तो एकविसावा. विचारायला आला तेव्हा प्रवीणभाईंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, “भाई, गाना एकदम मस्त. जन्माची वेळ चुकली.”

*

आता लखमीबद्दल सांगतो. तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरची. भिलाडच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला होती. सुट्टीच्या दिवशी जीपला लटकून स्टुडिओत आली आणि हळदीचं एक गाणं गायली. ‘हळद लागली गो, पाय भुईला लागंनात.’ चाल पाड्यावरची, शब्द तिचे. मी इतक्या वर्षांत शेकड्यांनी गळे रेकॉर्ड केलेत आणि बहुतेकांना मशीनने सुरात आणलंय. हिच्या वेळी मशीनला मी हात लावला नाही.

जाताना तिने विचारलं की यादीत नाव आलं तर लग्नांना बोलावतात, हे खरं का. खरं आहे म्हटलं. ती म्हणाली, “मंग नाव आला तं कंपनी सोडीन. नाय आला तं जानेवारीपासून नाइटला टाकणार हायत.” एवढं बोलून परतीच्या जीपसाठी पळाली.

गाणं होळीच्या आधी निघालं, तिच्या नावाने साइटवर चढलं आणि वणव्यासारखं पसरलं. तलासरीच्या बाजारात, सूत्रकारच्या फाट्यावर, पिकअपमध्ये, जत्रेत, जिकडे जावं तिकडे ‘पाय भुईला लागंनात’. मी खुशीत आकडे बघायला बसलो. साइटवर ते गाणं वीसात सोडा, पन्नासातही नव्हतं.

कारण सांगतो. पाड्यावर रेंज नाही. तिकडे गाणं साइटवरून कोण ऐकतो? बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायचं आणि स्पीकरला लावायचं. एक कार्ड सगळ्या पाड्याला पुरतं. ते सीझनभर वाजलं तरी साइटच्या हिशेबी कधी वाजलंच नाही. आणि समजा कोणी रेंजमध्ये येऊन लावलंच, तर फोन एक, स्पीकर एक आणि भोवती फेर धरून चाळीस जण. डहाणूत चाळीस पोरं चाळीस फोनवर कानात बोंडं घालून ऐकतात, ते चाळीस धरले जातात.

हे लखमीला मी समजावून सांगितलं तेव्हा ती प्रवीणभाईंकडे बघून म्हणाली, “चाळीस जणा नाचली तरी एकच?”

“बेन, साइट फोन मोजते,” प्रवीणभाई म्हणाले. “पाय नाय मोजत.”

*

पाड्याने मग मनावर घेतलं. पोरीचं नाव यादीत आलंच पाहिजे. सगळ्यांनी ठरवून फोन घेतले, भाकऱ्या बांधल्या आणि रेंज येते त्या टेकडीवर चढले. म्हातारे, बाया, कंपनीला दांडी मारलेले गडी, सगळे. दिवसभर टेकडीवर बसून प्रत्येकाने आपापल्या फोनवर तेच गाणं लावलं. एकाचं इथे तर दुसऱ्याचं तिथे, नुसता गलका. असं आठवडाभर चाललं. कोणाची लावणी नव्हती, कापणी नव्हती, तेव्हा जमलं.

आठवड्याच्या शेवटी मी आकडा बघितला. वाढला तर नव्हताच, उलट कमी झाला होता! साइटने या गाण्याला लबाडी म्हणून लाल खूण केली होती.

शोध घेत तलासरीच्या मोबाईल दुकानात गेलो. अख्ख्या पाड्याचे फोन तिथलेच. दुकानदार दिलीप भला माणूस. फोन विकला की त्यात खातं उघडून द्यावं लागतं, ईमेल टाकावा लागतो. पाड्यावर ईमेल कोणाकडे असणार? दिलीप सगळ्यांच्या फोनमध्ये स्वतःचाच टाकायचा. वर मलाच समजावून सांगायला लागला, “पासवर्ड विसरायची भानगडच नाय. कधी पण आला, मी उघडून देतो.”

म्हणजे साइटला दिसलं काय, तर दिलीप नावाचा एक इसम टेकडीवर बसून आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ, एकच गाणं शंभर फोनवर लावतोय. असल्या माणसाचं कोण खरं धरणार?

त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या भाच्याने परदेशातून विकत घेतलेले आकडे मात्र बिनबोभाट धरले गेले. त्यांची खाती वेगवेगळी होती ना! खरी माणसं लबाड ठरली आणि जी माणसं कुठेच नव्हती ती खरी ठरली. मी प्रवीणभाईंना म्हटलं, ही टेकडीवरची माणसं आपण हाताने बेरजेत मिळवू. ते म्हणाले, मग वरोरवाला पण मिळव म्हणेल, परत बोंबील येतील. त्यांचंही चूक नव्हतं, याचाच जास्त राग आला.

*

पावसाळ्यात डीजे जिगो आला. राज्याच्या सीमेपलीकडचा, तीन मजली साउंडवाला, वागायला गोड. त्याने लखमीचं गाणं उचललं, खाली धडधड टाकली, मध्ये दोनदा स्वतःचं नाव घातलं आणि साइटवर चढवलं. स्वतःच्या नावावर त्याची रीतसर नोंदणीही केली. शहरात, कॉलेजात, वापीपर्यंत ते वाजलं आणि तेव्हापासून दर आठवड्याला वीसच्या वीस गुण घेत राहिलं. तिथे रेंज आहे आणि ज्याचा त्याचा ईमेल आहे.

काही दिवसांनी लखमी फोन घेऊन स्टुडिओत आली. साइटवरून काहीतरी आलंय, इंग्रजीत आहे, बघा म्हणाली. मी वाचलं आणि आधी पाणी प्यायलो. तिच्या गाण्यातला आवाज डीजे जिगोच्या गाण्यातून घेतलेला आढळला आहे, सबब तिचं गाणं बंद करण्यात येत आहे.

सांगावं तर लागणारच होतं. सांगितलं.

“म्हंजे माझा गळा मी चोरला?”

मी जिगोला फोन लावला. त्याला खरोखर वाईट वाटलं. म्हणाला, दादा, मी काही केलं नाही, मशीन आपोआप करतं. तक्रार मागे घेतो, देवाशपथ घेतो, पण डिसेंबर झाल्यावर. आत्ता काही हलवलं तर यादीत माझे गुण लटकतील.

*

डिसेंबर आला. बेरीज मी केली, दुसऱ्यांदा केली, आणि परत एकदा केली. एक नंबर, ‘पाय भुईला लागंनात’, डीजे जिगो. लखमीचं नाव वीसात नाही, कारण तिचं गाणं बंद. रीमिक्सखाली गायिकेचं नाव घालायची सोय आहे, पण ती सोय जिगोने वापरली नव्हती. मी प्रवीणभाईंना म्हटलं, आवाज तिचा आहे, निदान स्क्रीनवर तिचं नाव टाकू.

“यादी गाण्याची हाय,” ते म्हणाले. “गळ्याची नाय. एकाचं टाकलं तर सगळ्यांचं टाकावं लागेल.”

मी लखमीला फोन करून कळवलं. तिने एक नंबरला कोण ते विचारलं. सांगितलं. मागे कंपनीच्या मशीनचा आवाज येत होता. नंतर तिने एवढंच विचारलं की नाइटची गाडी तलासरी नाक्यावर थांबते की हायवेलाच उतरवते, मला काही माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी त्या कॉम्प्युटरला अशी एक शिवी घातली की प्रवीणभाईंनी आतून डोकावून बघितलं.

*

आता शेवटचा.

माघात लखमीच्या मामेबहिणीचं लग्न होतं. लखमीने मला आग्रहाने बोलावलं होतं. तिने सुट्टी काढली होती. नाइटने डोळे आत गेले होते, पण नवं लुगडं नेसून मिरवत होती. मांडव झकास. मामाने ऐपतीच्या बाहेर जाऊन डीजे जिगोला आणलं होतं. वर्षाचा एक नंबर आपल्या दारात वाजणार, म्हणून आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं आली होती.

ऊन उतरलं, नवरीला हळद लावायला घेतली. बायका भोवती बसल्या आणि रीतीप्रमाणे लखमीने सुरुवात केली. ‘हळद लागली गो.’ हळू आवाजात, नवरीच्या कानाशी. दोन-चार बायकांनी मागे सूर ओढला. तेवढ्यात जिगोच्या माणसाने बटण दाबलं. तीन मजली साउंडमधून तेच गाणं, तोच गळा, खाली धडधड. मांडवाचे बांबू हलायला लागले. पोरं ओरडत उठली.

लखमी थांबली नाही. गात राहिली. मशीन तिच्या थोडं पुढे होतं, ती थोडी मागे. एकाच आवाजाचं गाणं मांडवात दोनदा ऐकू येत होतं. लोक वळून बघायला लागले.

मामा गर्दीतून वाट काढत आला. माणूस कडक नाही, पण आज त्याच्या पोरीचं लग्न होतं. त्याने लखमीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या कानाजवळ वाकून, मायेनेच, समजावलं.

“उगी राहा गो लखमे. वर्षाचा एक नंबरचा गाणा हाय, सुपारी देऊन आणलाय. तू मधी गाऊन बिघडवू नको.”

लखमीने नवरीच्या गालावर उरलेली हळद लावली, हात लुगड्याला पुसले, पदर कमरेला खोचला आणि फेरात जाऊन नाचायला लागली.